गोचीड काढायचं साधन निवडताना या चुका टाळा

वयस्कर किंवा आजारी माणसाला सांभाळणारे गोचीड काढायचं साधन घेताना गोचिडीचा विचार करतात, स्वतःच्या हाताचा करत नाहीत. सगळ्यात मोठी चूक हीच.

तुमची बोटं आखडत असतील, हात थरथरत असेल, तर बारीक टोकाचा चिमटा ऐन वेळी निसटतो. मग घाईत पुन्हा धरताना गोचिडीचं फुगलेलं पोट चेपलं जातं आणि आतला द्रव जखमेत जाऊ शकतो. अशा हातांना खाचेचा हुक सोपा. तो कातडीलगत गोचिडीखाली सरकवायचा आणि सोबतच्या सूचनेप्रमाणे फिरवायचा. बोटांनी सतत दाबून धरावं लागत नाही. चिमटाच हवा असेल तर उलट्या पकडीचाही मिळतो. दाबला की उघडतो, सोडला की आपोआप धरून ठेवतो.

भुवयांचा चपट्या टोकाचा चिमटा मात्र नकोच, तो पोटच पकडतो.

हुक एकाच मापाचा घेऊ नका. मोठी गोचीड निदान दिसते तरी. पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात आणि मोठ्या खाचेतून सटकतात. लहान-मोठी जोडी घ्या, सोबत भिंग ठेवा.

तोंडाचा तुकडा आत राहिला तर? गोचिडीच्या सोंडेला उलटे काटे असतात, म्हणून हिसका दिला की ती तुटते. चिमट्याने कातडीलगत धरून, न पिळता, सरळ वर सावकाश ओढायचं. तरीही तुकडा राहिलाच तर सुईने टोकरत बसू नका. कातडी तो हळूहळू बाहेर टाकते. जागा साबणाने धुवा.

साधन सापडेना म्हणून व्हॅसलिन, रॉकेल किंवा पेटती काडी लावून गोचीड सुटायची वाट पाहणं धोक्याचं आहे. गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम आजाराचे जंतू अंगात शिरायला ती बहुधा २४ तासांहून जास्त चिकटून राहावी लागते, पण काही आजार त्याआधीही लागू शकतात. काढल्याची तारीख लिहून ठेवा; पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना ती सांगा.

आणि साधन पाकिटातच ठेवू नका. कागदावर डिंकाने खसखशीचा दाणा चिकटवा आणि तो न फुटता निघतो का, ते पाहा. रात्री दुसरं कोणी सोबतीला राहत असेल, तर त्यांनाही एकदा करून पाहू द्या.