फोनचं प्रोग्रामेबल बटण आणि कलम १०३: उत्तर देताना या चुका टाळा

अमेरिकेत प्रोग्रामेबल बटणाचा (ज्याचं काम वापरणारा ठरवतो) पेटंट अर्ज बहुधा पेटंट कायद्याच्या कलम १०३ वर अडतो: त्या क्षेत्रातल्या साधारण कुशल माणसाला हे सहज सुचलं असतं, म्हणजेच ‘ऑब्व्हियस’. पेटंट ऑफिसचा एक्झामिनर अर्ज नाकारताना आधीचे दोन कागद पुढे ठेवतो. एकात बाजूला बटण असलेला फोन, दुसऱ्यात काम बदलता येणाऱ्या बटणांचा रिमोट.

यावर अर्जदाराकडून ठरलेलं उत्तर येतं: ‘पहिल्यात प्रोग्रामिंग नाही, दुसऱ्यात फोन नाही.’ अहो, म्हणूनच तर त्याने दोन्ही जोडले! सुटा सुटा कागद खोडून भागत नाही, हे ‘इन री केलर’ खटल्यात १९८१ लाच ठरलंय. तरी हेच लिहिलं जातं, कारण ते एका संध्याकाळीत उरकतं. भांडायचं ते जोडणीवर: हे दोन एकत्र आणायला त्या कुशल माणसाला कारण काय होतं?

अ‍ॅपल-सॅमसंगचा ‘स्लाइड टू अनलॉक’ वाद बघा. निओनोड एन-१ फोन बोट सरकवून उघडायचा, पण बोटाबरोबर सरकणारं चित्र त्यात नव्हतं. सरकणारा स्विच १९९२ च्या एका संशोधनात होता, भिंतीवरच्या टचस्क्रीनसाठी. फेब्रुवारी २०१६ मध्ये फेडरल सर्किटच्या (पेटंटची अपिलं ऐकणारं कोर्ट) तीन न्यायाधीशांनी अ‍ॅपलचा क्लेम, म्हणजे पेटंटमध्ये नेमका कशावर हक्क ते सांगणारं वाक्य, ऑब्व्हियस ठरवला. ऑक्टोबरमध्ये पूर्ण पीठाने तो निर्णय फिरवला: फोनवाला भिंतीवरच्या स्विचकडे वळला नसता, असं मानायला ज्युरीपुढे पुरावा होता. सॅमसंगचे अंतर्गत कागदही अ‍ॅपलच्या कामी आले.

म्हणून ‘क्षेत्र वेगळं’ एवढंच लिहून मोकळं होऊ नका. ‘इन री बिगिओ’त (२००४) केसांच्या ब्रशच्या अर्जाविरुद्ध टूथब्रशचे जुने कागद चालले. ‘जोडा असं कुठे लिहिलंय?’ हेही २००७ च्या केएसआर निकालानंतर पुरत नाही. कुशल माणसाला थोडी कल्पकता असते, असं त्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने धरलंय.

फोन भरपूर खपला, म्हणून कल्पना ऑब्व्हियस नव्हती म्हणता? खप त्या बटणामुळे झाला हे दाखवा, कॅमेऱ्यामुळे नव्हे.

एक्झामिनर नुसतं ‘कॉमन सेन्स’ म्हणाला तर ‘अरेंडी’ (२०१६) हा निकाल पुढे करा. क्लेममधला जो भाग जुन्या कागदांत नाही तो कारण न देता कॉमन सेन्सने भरता येत नाही.

‘वापरणाऱ्याने प्रोग्राम करण्याजोगं बटण’ हा क्लेम नव्हे, जाहिरात आहे. नेमणूक कुठे साठवते, दाब किती वेळ, कोणतं अ‍ॅप उघडं असताना काम बदलतं, हे क्लेममध्येच हवं. आणि ते अर्जासोबतच्या मूळ तपशीलपत्रात (शोधाचं वर्णन) नसेल तर मागाहून घुसवता येत नाही. एक्झामिनरला उत्तर द्यायला साधारण तीन महिने मिळतात, फी भरून सहापर्यंत.