फिरतीवरच्या पिचरचं सेवापुस्तक कसं वाचावं

माझे वडील पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. टेंभुर्णी, पैठण, साक्री, मग पुन्हा टेंभुर्णी. निवृत्तीच्या कागदपत्रांसाठी आम्ही दोघं त्यांच्या सेवापुस्तकाची दुय्यम प्रत घेऊन बसलो होतो आणि त्यांनी मला ती ओळ न् ओळ वाचायला शिकवलं. बदलीची तारीख सगळेच बघतात, पण खरी गोष्ट शेऱ्याच्या रकान्यात असते. ‘विनंतीनुसार’ की ‘प्रशासकीय कारणास्तव’? त्या दोन शब्दांत आमच्या घरातलं एकेक वर्ष मावलेलं होतं.

आता मी बॉस्टनच्या दक्षिणेला क्विन्सीत राहते आणि उन्हाळ्यात बेसबॉल बघते. इकडे मोठ्या ताऱ्यांबद्दल सांगायला शंभर माणसं आहेत. मला ओढ आहे ती फिरतीवरच्या पिचरांची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांची. आज या शहरात, पुढच्या वर्षी त्या शहरात, असा जो खेळतो त्याला अमेरिकेत जर्नीमन म्हणतात. आपल्याकडे नव्याने बेसबॉल बघणारे पुष्कळजण अशा खेळाडूची यादी बघून म्हणतात, ‘याला कुणीच ठेवून घेतलं नाही.’ हे वाचन चुकीचं आहे. चौदा संघांत खेळलेल्या माणसाला चौदा वेळा कुणीतरी बोलावलेलं असतं. तेव्हा ही कारकीर्द कशी वाचायची ते सांगते. उदाहरणाला रिच हिल घेऊ. तो आमच्या शेजारच्या मिल्टन गावात वाढला, १९८० चा जन्म, डावखुरा.

बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर खेळाडूचं पान उघडा. वर आकड्यांचा तक्ता आणि अगदी खाली व्यवहारांची नोंद असते. सुरुवात खालून करा. एक साधी वही घ्या आणि पाच रकाने आखा: तारीख, कुठून कुठे, कसा गेला, काय काम दिलं, अंगात काय दुखत होतं. चौथा आणि पाचवा रकाना लगेच भरणार नाही, त्यासाठी वरचा तक्ता आणि त्या वेळच्या बातम्या लागतील.

‘कसा गेला’ हा शेऱ्याचा रकाना. ट्रेड म्हणजे दुसऱ्या संघाने बदल्यात काहीतरी देऊन त्याला मागून घेतलं. ऑप्शन म्हणजे नोकरी कायम ठेवून मायनर लीगला, म्हणजे मोठ्या संघांखालच्या लीगला पाठवणं. खेळाडूच्या वाट्याला साधारण तीन हंगाम असे ऑप्शन येतात, ते संपले की त्याला सहज वर-खाली करता येत नाही. तिथून पुढे येतो डीएफए (डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट). संघाच्या चाळीस जणांच्या यादीतून नाव तत्काळ निघतं, आणि सात दिवसांत संघाला ठरवावं लागतं: ट्रेड करायचं, मोकळं करायचं, की बाकीच्या संघांपुढे ठेवून कुणीच न घेतल्यास मायनर लीगला पाठवायचं. मोकळं केलं तर ती रिलीज. शेवटी करार संपून स्वतः निवडलेली वाट, ती फ्री एजन्सी. ट्रेड आणि रिलीज एकाच रंगाच्या शाईने लिहू नका. मी ट्रेड निळ्याने लिहिते, रिलीज पेन्सिलीने.

एडविन जॅक्सनचं पान बघितलंत तर हा फरक डोळ्यांत भरेल. हा सुद्धा चौदा संघांचा मानकरी. विसाव्या वाढदिवशी, ९ सप्टेंबर २००३ ला, डॉजर्सकडून पहिला सामना खेळला आणि समोर रँडी जॉन्सनसारखा बडा पिचर असताना जिंकला. त्यानंतरची त्याची पहिली कितीतरी वर्षं सगळी निळी आहेत. २५ जून २०१० ला ॲरिझोनाकडून खेळताना त्याने आपल्याच जुन्या संघाला, टँपा बेला, एकही हिट दिली नाही, म्हणजे चेंडू मारून कुणालाही बेस गाठू दिला नाही. त्यासाठी १४९ चेंडू टाकले, आठ जणांना वॉक (चार चेंडू बाहेर पडले की बॅटरला फुकट मिळणारा बेस) दिले, आणि सामना १-० ने जिंकला. पुढच्या महिन्याच्या अखेरीस त्याला शिकागो व्हाइट सॉक्सकडे ट्रेड केलं. २०११ च्या जुलैत तर एकाच दिवशी तो शिकागोहून टोरंटोचा आणि टोरंटोहून सेंट लुइसचा झाला, आणि त्याच हंगामात सेंट लुइसने वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपद जिंकलं. नको झालेल्या माणसाची ही नोंद नाही. तरणा, जोरात टाकणारा, हंगामभर उभा राहणारा पिचर म्हणजे बाजारातलं खणखणीत नाणं. पेन्सिल फार उशिरा लागते.

आता हिलकडे येऊ आणि वरचा तक्ता वाचू. क्रिकेट वाचणाऱ्याला एक गोष्ट फुकट मिळते: इनिंगच्या रकान्यात ३८.२ असेल तर त्याचा अर्थ ३८ इनिंग आणि वर दोन बळी, आपल्या षटकांसारखाच, फक्त इथे तीन बळींची एक इनिंग. सामना नऊ इनिंगचा, आणि ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा. चारच्या आसपास म्हणजे बरा, तीनच्या खाली उत्तम, सहाच्या वर गेलात की नोकरी धोक्यात.

२००७ साली शिकागो कब्जकडून हिलने १९५ इनिंग टाकल्या, १८३ जणांना स्ट्राइकआउट केलं (तीन स्ट्राइकमध्ये बाद केलं) आणि ६३ वॉक दिले. सत्ताविसाव्या वर्षी बस्तान बसलेला माणूस वाटतो. पुढच्याच ओळीत २००८: इनिंग १९.२, वॉक १८. इथे थांबा. धावा बघू नका, वॉक बघा. पिचर मोडतो तेव्हा पहिली चाहूल वॉकच्या रकान्यात लागते, कारण चेंडू कुठे पडणार हे त्याच्या हातात राहत नाही. २००९ ला तो बाल्टिमोरला गेला आणि ईआरए ७.८० झाला. आठ-नऊ ओळींनंतर जे होणार आहे ते समजून घ्यायचं तर ही १८ ची नोंद अधोरेखित करून ठेवा.

मग सामने आणि इनिंग शेजारी ठेवून वाचा. २०१३, क्लीव्हलँड: सामने ६३, इनिंग ३८.२. एका सामन्यात दोन बळीसुद्धा नाहीत! याचा अर्थ त्याचं कामच बदललं होतं. समोरच्या संघाचा एखादा डावखुरा बॅटर आला की बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर हात गरम करतात तिथून, याला बोलवायचं, एक-दोन जणांना टाकायचं, चेंडू मॅनेजरच्या हातात द्यायचा आणि परत जायचं. २०२० पासून पिचरला किमान तीन बॅटरना टाकण्याचा किंवा इनिंग संपवण्याचा नियम आला, आणि या कामावर पोट भरणाऱ्या कितीतरी डावखुऱ्यांचा ठिकाणाच गेला. अशा पिचरची जुनी कारकीर्द वाचताना हे लक्षात ठेवा, नाहीतर ६३ सामने बघून तुम्हाला तो संघाचा कणा वाटेल. त्यात त्याचा ईआरए ६.२८ होता. इतक्या तुकड्या-तुकड्यांच्या कामात दोन वाईट संध्याकाळीसुद्धा आकडा बिघडवतात, म्हणून मी त्याला फार महत्त्व देत नाही.

आकड्याने कसं फसायला होतं याचा पुढचा नमुना २०१४ चा आहे. लॉस एंजेलिसच्या एंजल्सकडून हिल दोन सामने खेळला, एकही बळी मिळाला नाही, खात्यावर एक धाव पडली. भागाकाराला खाली शून्य, म्हणून ईआरएच्या जागी ‘अनंत’ अशी नोंद आहे. पण त्या ओळीवर हसण्याआधी पाचवा रकाना भरा. डिसेंबर २०१३ मध्ये हिलला मुलगा झाला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये ते बाळ गेलं. तो हे स्वतः जाहीरपणे बोललेला आहे. त्या वर्षी तो बॉस्टनच्या मायनर लीगमध्ये, मग एंजल्सकडे, मग यांकीजकडे होता. माझ्या वहीत त्या वर्षाला मी आकडेच लिहिलेले नाहीत.

आता २०१५ ही ओळ सावकाश वाचा, कारण सगळी कारकीर्द इथे वळते. वॉशिंग्टनच्या मायनर लीगमधून जूनमध्ये रिलीज. पेन्सिल. वय ३५. यानंतरची नोंद मोठ्या संघांच्या व्यवहारांत शोधू नका, ती लाँग आयलंड डक्स या संघाची आहे. अटलांटिक लीग ही स्वतंत्र लीग, तेव्हा कुठल्याही मोठ्या क्लबच्या छत्राखाली नव्हती. तिथे तो पुन्हा सामना सुरू करणारा पिचर म्हणून उभा राहिला: दोन सामने, ११ इनिंग, २१ स्ट्राइकआउट, धाव एकही नाही. ऑगस्टमध्ये बॉस्टनने त्याला ट्रिपल-एला, म्हणजे मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवर, पॉटकेटला घेतलं. तिथे ब्रायन बॅनिस्टर हा माजी पिचर संघासाठी आकडेवारीचं काम करत होता. त्याने हिलला सांगितलं की तुझा कर्व्हबॉल (हवेत वळून खाली पडणारा चेंडू) इतका चांगला आहे तर तो जास्त टाक. एवढंच. हिलचा फास्टबॉल ताशी ९० मैलांच्या आसपासचा, म्हणजे बेताचाच. पण जवळजवळ निम्मे चेंडू कर्व्हबॉल यायला लागले, त्यांची गती आणि कोन बदलत गेले, आणि तोच फास्टबॉल बॅटरला उशिरा दिसू लागला.

सप्टेंबरमध्ये त्याला चार सामने मिळाले. १३ तारखेला टँपा बेविरुद्ध सात इनिंग, एक हिट, दहा स्ट्राइकआउट. त्या महिन्याच्या शेवटी तो फेनवेवर, बॉस्टनच्या मैदानावर, बाल्टिमोरविरुद्ध टाकणार होता आणि मी रेड लाइन, मग ग्रीन लाइन पकडून केनमोरला उतरले. बॉस्टनचा संघ तेव्हा तळाला होता, तिकीट सहज मिळालं. बाल्टिमोरला दोनच हिट मिळाल्या, आणि तो नवव्या इनिंगपर्यंत स्वतःच टाकत राहिला. माझ्या शेजारच्या आजोबांनी सातव्या इनिंगपासून बोलणं बंद केलं होतं. चार सामन्यांचा हिशोब: २९ इनिंग, ३६ स्ट्राइकआउट, ईआरए १.५५. नोव्हेंबरात ओकलंडने त्याला एका वर्षाचे ६० लाख डॉलर दिले, आणि त्यानंतरच्या वर्षी डॉजर्सने तीन वर्षांचे ४ कोटी ८० लाख. करारांची रक्कम वहीत नक्की लिहा. आकडे मागचं सांगतात, करार पुढचं सांगतो: संघाला काय दिसलं होतं ते त्यातून कळतं.

विजय-पराजयाचा रकाना मात्र पिचरसाठी वाचूच नका. का ते २३ ऑगस्ट २०१७ च्या पिट्सबर्गच्या सामन्यात बघा. हिलने आठ इनिंग एकालाही बेसवर पोचू दिलं नव्हतं. नवव्यात क्षेत्ररक्षकाची चूक झाली, पण हिट नाहीच. डॉजर्सना धाव काढता आली नाही म्हणून सामना दहाव्यात गेला, आणि जॉश हॅरिसनने होमरन मारला. दिलेली हिट एक, निकाल ०-१, आणि तक्त्यात हिलच्या नावापुढे पराभव.

दुखण्याचा रकाना भरताना बोटापर्यंत उतरा. २०११ साली त्याच्या कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, तिथे मोकळी जागा पडलेली दिसते. पण नंतर त्याला सतावलं ते डाव्या हाताच्या मधल्या बोटावरच्या फोडांनी. कर्व्हबॉल शिवणीवर त्याच बोटाने ओढायचा असतो. १० सप्टेंबर २०१६ ला मायामीत सात इनिंग परिपूर्ण, एकालाही बेसवर पोचू न देता, टाकल्यावर मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने त्याला बाहेर काढलं ते त्या फोडांच्या भीतीने. मला तो निर्णय आजही लागतो, आणि तो बरोबर होता असंही वाटतं.

यानंतरच्या ओळी भराभर वाचल्या तरी चालतील. मिनेसोटा, टँपा बे, न्यूयॉर्क मेट्स, पुन्हा बॉस्टन, पिट्सबर्ग, सॅन डिएगो. एकेका वर्षाचे करार, आणि २०२१ व २०२३ च्या हंगामांत मधेच ट्रेड. हा वयस्क पिचरचा ठरलेला नमुना आहे: वसंतात मधल्या संघाने घ्यायचं, जुलैच्या शेवटी जिंकू पाहणाऱ्या संघाने मागून न्यायचं. एक अपवाद तपासा. २०२४ चा पहिला भाग पूर्ण कोरा आहे. दुखापत नाही, रिलीज नाही. थोरल्या मुलाबरोबर, घरच्यांबरोबर उन्हाळा घालवायचा म्हणून त्याने स्वतःहून करार करणं पुढे ढकललं आणि ऑगस्टमध्ये बॉस्टनकडे आला. ‘विनंतीनुसार’, असं मी शेऱ्यात लिहिलं आहे.

तुमच्या जवळपास ट्रिपल-एचं मैदान असेल तर हे वाचन तिथे जाऊन करा. आमच्याकडे आता ते पॉटकेटऐवजी वुस्टरला आहे. बुलपेनच्या कठड्याशी बसा. वीस-बाविशीच्या पोरांमध्ये एखादा पस्तिशीचा माणूस गुडघ्याला पट्टा लावून हळूहळू चेंडू टाकत असतो. फोनवर त्याचं पान उघडा आणि खालून वाचायला लागा.

हिलच्या पानावर मी लिहिलेली सर्वांत अलीकडची ओळ २०२५ ची आहे. मे महिन्यात कॅन्सस सिटीशी मायनर लीगचा करार, ओमाहात काही आठवडे, आणि २२ जुलैला, पंचेचाळिसाव्या वर्षी, शिकागोत रिग्ली फील्डवर कब्जविरुद्ध पाच इनिंग. हा त्याचा चौदावा संघ, म्हणजे जॅक्सनशी बरोबरी. समोर होता तो संघ ज्याच्याकडून तो २००५ साली पहिल्यांदा खेळला होता. आणखी एक सामना, मिळून नऊ इनिंग, मग डीएफए. ती ओळ पेन्सिलीने लिहिली आहे. तिच्याखाली तीन रेघा आखून ठेवल्या आहेत.