ऑफरोडिंगला पहिल्यांदा जाताय? गाडी रुतणार हे धरूनच निघा

पावसाळा लागला की मुळशी, मावळ, इगतपुरी या पट्ट्यात फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) गाड्यांचे गट ऑफरोडिंगला बाहेर पडतात. नवीन गाडीवाल्याच्या मनात तेव्हा एकच प्रश्न असतो: माझी गाडी यातून निघेल का? आमचं सांगणं असं की गाडी कुठेतरी रुतणारच. ती रुतल्यावर कोण, कशाला दोर बांधून, कोणत्या दिशेला ओढणार, हे आधीच ठरलेलं असलं तर दिवस मजेत जातो. चिखलात नुसतं रुतल्याने सहसा कुणाला काही होत नाही. घाईघाईने ओढताना हूक किंवा शॅकल (दोर हुकाला जोडायची लोखंडी कडी) तुटून उडाला, तर मात्र जीवावर बेततं.

नाव नोंदवण्याआधी आयोजकांना चार गोष्टी विचारा. जागा कोणाची आहे आणि परवानगी घेतली आहे का? वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय गाडी घालणं हा गुन्हा आहे, आणि तिथे ‘आम्ही गटाबरोबर आलो होतो’ हे कारण चालत नाही. मार्शल (वाट दाखवणारे आणि मदत करणारे अनुभवी लोक) किती आणि गाड्या किती? विंच (ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) असलेली गाडी सोबत आहे का? सर्वांत जवळचं, चोवीस तास चालू असणारं हॉस्पिटल कोणतं? चांगले आयोजक या प्रश्नांनी चिडत नाहीत. उत्तरं मोघम आली तर पैसे भरू नका.

गाडी

लो रेंज (वेग कमी करून ताकद वाढवणारे जादा गिअर) असलेली गाडी हवी. थार आहे म्हणजे फोर बाय फोर आहेच असं नाही. २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही मिळते, आणि ती स्लश पिटमध्ये, म्हणजे चिखलाच्या खड्ड्यात, पहिल्या दहा फुटांत बसते. जिमनी, जुनी जिप्सी, फोर बाय फोर थार यांच्यात लो रेंज असते. ऑल व्हील ड्राइव्हच्या बहुतेक गाड्यांत नसते. त्या घेऊन यायच्या तर आयोजकांशी आधी बोला, सोपा ट्रॅक असेल तर ते सांगतील.

मग गाडीखाली वाकून हूक पाहा. पुढे आणि मागे निदान एकेक हूक थेट चॅसीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) बोल्ट केलेला हवा. टूलकिटमध्ये मिळणारा, बंपरमध्ये फिरवून बसवायचा गोल डोळा सपाट रस्त्यावर बंद गाडी हळूहळू ओढण्यापुरता असतो. चिखलात रुतलेल्या गाडीला झटका द्यायला तो वापरायचा नाही. ट्रेलर लावायचा बॉल तर त्याहून वाईट. तो तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा समोरच्या गाडीच्या काचेतून आत येतो.

बाकी तपासणी तासाभराची आहे. इंजिन ऑइल वरच्या खुणेजवळ ठेवा, कारण तीव्र चढावर ते एका बाजूला जमा होतं. डिझेल-पेट्रोल निदान पाऊण टाकी भरा. त्याचंही कारण तेच आहे: टाकी तिरकी झाली की पंप हवा ओढतो, आणि लो रेंजमध्ये इंधन जातंही भरपूर. बॅटरीचा क्लॅम्प हलवून पाहा. फूटस्टेप काढता येत असतील तर काढा, पहिल्याच दगडावर वाकतात आणि दार उघडेनासं होतं. जॅकसोबत फूटभर लांबी-रुंदीचा, दीड-दोन इंच जाडीचा लाकडी फळकूट ठेवा, नाहीतर जॅक चिखलात जातो आणि गाडी आहे तिथेच राहते.

सामान मोजकं पण दणकट हवं. साधारण नऊ मीटरचा कायनेटिक दोर किंवा स्नॅच पट्टा, दोन शॅकल, चामडी हातमोजे, फावडं, टायरचं प्रेशर मोजायचा गेज, बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर. शॅकलवर सुरक्षित वजन कोरलेलं असतं. पाऊण इंची बो शॅकलवर सहसा पावणेपाच टन असतं, ते आपल्या गाड्यांना ठीक. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, काहीच न कोरलेला शॅकल आणू नका. दोर घेताना तो ताणला जाणारा आहे याची खात्री करा. ट्रकवाले वापरतात ती साखळी किंवा तारेचा दोर झटका देण्यासाठी अजिबात चालत नाही, कारण सगळा धक्का थेट हुकावर येतो.

आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स घ्या. विम्याची पॉलिसी वाचूनच निघा. बऱ्याच पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, संघटित ऑफरोडिंगबद्दल काय लिहिलंय ते आधी कळलेलं बरं. पट्ट्याचे, तळव्याला खाचा असलेले जुने बूट, कपड्यांचा एक जोड, माणशी तीन-चार लिटर पाणी, आणि जळवांसाठी मीठ.

टायरमधली हवा

पैसे न घालता गाडीत होणारी सर्वांत मोठी सुधारणा ही. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीवर टेकणारा भाग लांबतो, आणि तोच टायर दगडाला कवेत घेतो. रस्त्यावर ३० पीएसआयच्या आसपास असलेली हवा चिखल-दगडासाठी १८ ते २२ वर आणा. चारही चाकांत सारखी करा. १५ च्या खाली नवख्याने जाऊ नये. वळताना टायर रिमवरून सुटतो आणि मध्येच चिखल भरतो. हवा कमी असताना वेग ३० च्या आत, वळणं सावकाश. परतीच्या डांबरी रस्त्याआधी हवा पुन्हा भरायचीच. कमी हवेत हायवेवर टायरच्या भिंती तापतात आणि फुटतात.

सकाळची बैठक

मार्शल बोलत असताना इंजिन बंद करून, गाडीतून उतरून ऐका. हातांच्या खुणा तिथेच ठरतात. मूठ वर म्हणजे थांबा, हे जवळपास सगळीकडे सारखं आहे, बाकीच्या खुणा विचारून घ्या. खुणाच का, तर समोर उभा असलेला माणूस ‘डावीकडे’ म्हणतो तेव्हा त्याची डावी की तुमची, हा घोळ नेमका दरीच्या काठावर होतो. अडथळ्यावर एकाच मार्शलचं ऐकायचं. बाजूचे दहा जण ओरडत असले तरी नजर त्या एका माणसावर. तो दिसेनासा झाला तर लगेच ब्रेक.

ताफ्यात आपल्या मागच्या गाडीची जबाबदारी आपली. वळणावर, फाट्यावर ती आरशात दिसेपर्यंत थांबा. अडथळ्यावर एका वेळी एकच गाडी. पुढची पूर्ण पार झाल्यावरच आपण.

सीटबेल्ट लावा, सीट नेहमीपेक्षा थोडी पुढे घ्या. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका. चाक दगडावर आदळलं की स्टिअरिंग झटक्यात फिरतं आणि अंगठा मोडतो. काच उतरवलेली असू द्या, मार्शलचा आवाज आला पाहिजे. हात मात्र बाहेर नको. केबिनमधली पाण्याची बाटली, पान्हा, कॅमेरा, सगळं बांधून ठेवा.

फोर-लो (फोर बाय फोरची लो रेंज) अडथळ्याआधी, गाडी थांबवून टाका. मॅन्युअलमध्ये क्लच पूर्ण दाबून, ऑटोमॅटिकमध्ये न्यूट्रलवर. लिव्हर अडला तर जोर लावू नका, गाडी हातभर पुढेमागे करा, दाते जुळले की बसतो. कोरड्या डांबरावर मात्र फोर बाय फोर काढून टाका. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) नसतो. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, ते समायोजित व्हायला जागा मिळत नाही आणि सगळा पीळ ट्रान्सफर केसमध्ये (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीत) साठतो. चिखलात तो पीळ चाक घसरून सुटतो, डांबरावर सुटत नाही.

चिखल, चढ, पाणी

माती ओळखा. मावळ-मुळशीच्या तांबड्या मुरमाड मातीत वरचा थर निसरडा असला तरी खाली पकड मिळते. काळी माती वेगळी. ती टायरच्या खाचांत भरते, चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. काळ्या मातीत हवा कमी करून भागत नाही, चाकं जरा वेगात फिरती ठेवावी लागतात म्हणजे माती झटकली जाते.

चिखलाच्या खड्ड्यात लो रेंजचा दुसरा गिअर घ्या. पहिल्यात ताकद इतकी असते की चाक जागीच भिरभिरतं. आत शिरतानाच वेग धरा, मग ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवा, क्लच दाबू नका. गाडी मंदावली तर स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवा, टायरच्या कडा नवीन माती पकडतात. चाकोरीत चालताना एक गोष्ट विसरायची नाही: चाकं कुठे वळलेली आहेत ते स्टिअरिंगवरून कळत नाही. चाकोरी गाडीला सरळच नेत असते. पण चाकं वळलेली असतील तर कोरडी जमीन लागताच गाडी उसळून बाजूला जाते, आणि तिथे बघे उभे असतात. खिडकीतून पुढचा टायर बघत राहा.

चाकं फिरतायत पण गाडी हलत नाही, असं दोन-तीन सेकंदांहून जास्त चाललं की थांबा. पुढे मारलेला प्रत्येक ॲक्सिलरेटर गाडीला चॅसीपर्यंत बसवतो.

दगडांवर उलट. पहिला गिअर, चालत्या माणसाचा वेग. चाक दगडावर चढवा, दगड दोन चाकांच्या मध्ये घेऊ नका; मध्ये त्या ॲक्सलचा स्वतःचा डिफरन्शियल लोंबत असतो. एक चाक हवेत गेलं आणि गाडी अडली तर घाबरून ॲक्सिलरेटर सोडू नका. ब्रेकने चाक रोखणारी यंत्रणा असो की मागच्या ॲक्सलचा आपोआप लागणारा लॉक, दोन्हीला काम सुरू करण्याआधी चाक थोडं फिरलेलं लागतं. किंचित एकसारखा दाब ठेवा, ‘टक’ किंवा ‘घरघर’ ऐकू येईल आणि गाडी सरकेल.

चढ आधी पायी चढून पाहा. पलीकडे काय आहे ते बॉनेटमुळे दिसणार नसतं. चढाला सरळ भिडा, तिरके जाऊ नका. मध्येच दम संपला तर वळवण्याचा मोह टाळा, गाड्या उलटतात त्या तिथेच. ब्रेक दाबा, इंजिन बंद पडलं असेल तर चालू करा, रिव्हर्स टाका, क्लच सोडत इंजिनच्या पकडीवर सरळ मागे या. न्यूट्रलवर किंवा क्लच दाबून घरंगळत आलात तर नुसत्या ब्रेकवर पुढची चाकं घसरतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. उतरतानाही पहिला गिअर लो, पाय क्लचपासून दूर. मागची बाजू सरकू लागली तर ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर हलकासा दाबा.

ओढ्यात आधी काठी घेऊन माणूस चालतो. चालताना पाय वाहून जात असतील तर गाडीही जाऊ शकते. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, तीही संथ पाण्यात. नवख्याने गुडघ्यावर पाणी असेल तर मागे फिरावं. पाण्यात हळू शिरा, पुढे लाट तयार झाली की तिच्या वेगाने जा. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि एका किल्लीत इंजिन जातं. बाहेर ओढा, एअर फिल्टर उघडून पाहा. पुढची नंबरप्लेट पाण्याच्या धक्क्याने निघते, पार झाल्यावर ती जागेवर आहे का बघा.

ओढून काढणं

इथे सगळ्यांनी सावकाश व्हायचं. आधी फावडं. चाकांसमोरचा आणि डिफरन्शियलखालचा चिखल काढा; पाच मिनिटं खणल्याने दोरावरचा ताण खूप उतरतो. शक्यतो आलो त्या दिशेला, मागे ओढा, ती वाट आधीच झालेली असते.

शॅकलची पिन हाताने पूर्ण घट्ट करा आणि पाव फेरा मागे घ्या. न घेतल्यास ताणानंतर ती उघडत नाही. दोन पट्टे जोडायचे असतील तर मध्ये लोखंडी शॅकल घालू नका, दोराचा मऊ शॅकल वापरा. ओल्या गोणपाटाची घडी दोरावर टाका. तुटला तर उसळी कमी होते.

मग माणसं हटवा. गावातली पोरं बघायला येतातच आणि नेमकी दोराच्या कडेने ओळीत उभी राहतात. एका मार्शलचं काम फक्त त्यांना मागे नेणं हेच असावं. दोराच्या दीडपट अंतर, म्हणजे नऊ मीटरच्या दोराला चौदा मीटर, आणि दोराच्या रेषेत कुणीच नको. हे होईपर्यंत ओढणाऱ्याने गिअर टाकायचा नाही.

दोर जमिनीवर दीड-दोन मीटर सैल ठेवा. ओढणारी गाडी फोर-लोच्या दुसऱ्या गिअरला, पळत्या माणसाच्या वेगाने निघते. दोर ताणतो, साठलेली ताकद रुतलेल्या गाडीला हलवते. दोर ताणला गेला की रुतलेल्या गाडीनेही हलका ॲक्सिलरेटर द्यायचा, आधी नाही. पहिला प्रयत्न मुद्दाम हळू करा. तीन प्रयत्नांत निघाली नाही तर वेग वाढवत बसू नका, पुन्हा खणा किंवा विंच लावा. विंचचा दोर हातमोज्यांशिवाय धरू नये, आणि तारेचे निदान पाच वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत.

परत निघताना

जून-जुलैत या भागात भाताची लावणी चालू असते. खाचराचा बांध चाकाने फुटला तर पाणी जातं आणि शेतकऱ्याचा हंगाम बिघडतो. ट्रॅक सोडून कडेने वाट काढू नका, मग ती कितीही सोपी दिसो. डांबरी रस्त्याला लागण्याआधी चाकांचा चिखल झाडा. रस्त्यावर पडलेल्या त्या गोळ्यांवरून दुचाकी घसरतात.

हायवेला ७०-८० वर स्टिअरिंग थरथरू लागलं तर अलाइनमेंट गेली म्हणून धावू नका. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल चाकाचं संतुलन बिघडवतो. पाण्याच्या जोराने आतून धुतलं की बहुधा थांबतं. रेडिएटर इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाने धुवा. ब्रेकमध्ये करकर येत असेल तर खडा अडकलेला असतो, चाक काढून बघा. ओढ्यातून गेला असाल तर आठवडाभरात डिफरन्शियलचं ऑइल तपासा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला. प्रोपेलर शाफ्टला (ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याला) ग्रीसचे निपल असतील तर नवं ग्रीस भरा. दोर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा आणि कुठे धागे तुटले आहेत का ते हाताने चाचपून पाहा. एक जरी काप खोल असला तरी तो दोर पुढच्या वेळी घेऊ नका.