समजुतीतला ‘च’ कसा शोधावा

मानसोपचाराच्या विचारसरणी अनेक असल्या, तरी वही-पेन घेऊन घरी सराव करता येईल अशा पद्धती मोजक्याच आहेत आणि त्यांत, घटनेपेक्षा तिच्याविषयीची आपली समजूतच आपल्याला त्रास देते असे मानणारी विवेकनिष्ठ पद्धती मला सर्वांत सुगम वाटते. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस हे आधी मनोविश्लेषण करत असत. मात्र बालपणाचा माग काढत बसल्याने माणसाचे आजचे दुःख पुरेसे हलत नाही, असे वाटू लागल्यावर त्यांनी १९५५ मध्ये ही वेगळी वाट धरली. मराठी वाचकांपर्यंत ती पोहोचवण्यात कि. मो. फडके यांचा वाटा फार मोठा आहे.

वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत : घटना, समजूत आणि परिणाम. लिहिताना मात्र परिणामापासून सुरुवात करावी, कारण आपल्याला सर्वांत आधी जाणवतो तो त्रासच. समजा, पाहुण्यांसमोर सासूबाई ‘आज आमटी बिघडली’ असे म्हणाल्या आणि रात्रभर झोप लागली नाही. ‘संताप, झोप नाही, दोन दिवस अबोला’ हा परिणाम झाला. घटनेच्या रकान्यात कॅमेऱ्याने टिपले असते तेवढेच लिहावे; ‘माझा अपमान केला’ हे तेथे बसत नाही, कारण तो आपण काढलेला अर्थ आहे.

खरी कसोटी मधल्या रकान्यात लागते. बहुतेक जण तेथे ‘त्यांना मी आवडत नाही’ असे लिहून थांबतात. एलिस यांचे समकालीन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या पद्धतीने जाणारा समुपदेशक या विचाराला पुरावा काय, असे बहुधा आधी विचारेल. एलिस यांची रीत निराळी आहे : क्षणभर हे खरेच आहे असे धरून चालावे आणि मग ‘असले तर काय?’ असे स्वतःला विचारावे. ‘त्यांनी मला मान दिलाच पाहिजे, आणि दिला नाही तर ते मला सहनच होणार नाही,’ असे उत्तर आले, की मूळ सापडले. आपल्या भाषेने येथे मोठीच सोय केली आहे, कारण इच्छा आणि हट्ट यांतला फरक अनेकदा एका ‘च’मध्ये सामावलेला असतो. तो ‘च’ लाल शाईने अधोरेखित करावा.

मग त्याच्याशी वाद घालावा. हा नियम कोठे लिहिलेला आहे? तो धरून ठेवल्याने माझे काय भले होते? या वादातून उतरणारे वाक्य गुळमुळीत नसावे : ‘त्यांनी मान द्यावा अशी माझी तीव्र इच्छा आहे; तो मिळाला नाही तर वाईट वाटेल, पण मी ते सोसू शकते.’ वाईट वाटणे संपवणे हा येथे हेतूच नाही. संतापाच्या जागी नाराजी आणि भयाच्या जागी काळजी आली, तरी पुष्कळ साधले.

आत्महत्येचे विचार, छळ किंवा मारहाण असेल, तर वहीवर विसंबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, आणि जिवाला धोका असल्यास तत्काळ ११२ वर मदत मागावी.

एरवी, नवे वाक्य कृतीत उतरवण्यासाठी एखादा गृहपाठ ठरवावा. तरुणपणी स्त्रियांशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी एलिस यांनी ब्रॉन्क्समधील वनस्पती उद्यानात जाऊन अनोळखी स्त्रियांशी मुद्दाम बोलण्याचा सपाटा लावला होता. आपल्या उदाहरणातल्या सुनेने पुढच्या वेळी पाहुणे आले, की पुन्हा आमटीच करावी.