कोचीहून मालदीवला शिडाच्या बोटीने: प्लॅन शेवटापासून करा

ठाणे-नवी मुंबईत हल्ली सेलिंग शिकलेली मंडळी बरीच भेटतात, आणि काही वर्षं हार्बरमध्येच गोल गोल फिरून झालं की प्रत्येकाच्या डोक्यात एकच किडा वळवळतो, आता बोट घेऊन दुसऱ्या देशात जायचं. त्यासाठी मला कोची ते उलिगामु हा पॅसेज, म्हणजे समुद्री टप्पा, बरा वाटतो. उलिगामु म्हणजे मालदीवच्या उत्तर टोकाजवळचं बेट. अंतर सरळ रेषेत साधारण २६० सागरी मैल. मुंबई ते कोची हा साडेपाचशेहून जास्त मैलांचा वेगळा प्रवास आहे, तो आधी निवांत करा, बोट आणि माणसं दोन्ही तिथेच कळतात.

महिना जानेवारी ते मार्च. जून ते सप्टेंबर विषयच नको. मे महिना आणि ऑक्टोबर ते डिसेंबरची सुरुवात हा वादळांचा काळ, २०१७ चं ओखी ३० नोव्हेंबरला कन्याकुमारीजवळून लक्षद्वीपकडे गेलं होतं, म्हणजे जवळपास याच पाण्यातून. मार्चमध्ये वारा पडतो, डिझेल जास्त घ्या.

आता मेन मुद्दा. सगळे आधी निघायची वेळ ठरवतात. तुम्ही पोहोचायची ठरवा आणि मागे मोजत या. आपल्या ठाण्याच्या खाडीत चिखल, तळ हळूहळू वर येतो, पाण्याची खोली मोजणारा डेप्थ साउंडर आधीच ओरडायला लागतो. मालदीवला रीफ, म्हणजे प्रवाळाचा खडक, खोल पाण्यातून भिंतीसारखी सरळ वर येते, साउंडर आकडा दाखवेपर्यंत उशीर झालेला असतो, त्यामुळे आत शिरायचं ते डोळ्यांनी, पाण्याचा रंग बघत, सूर्य डोक्यावर असताना. सकाळी १० ते दुपारी २, पोलराइज्ड गॉगल लावून, एक जण पुढे नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभा.

म्हणजे हिशोब असा: दुपारी १२ ला पोहोचायचं, ५ नॉटने, म्हणजे ताशी ५ सागरी मैलांनी, २६० मैलांना ५२ तास, तर दोन दिवस आधी सकाळी ८ ला कोची सोडायचं. पण ६ नॉट मिळाले तर तुम्ही पहाटे ३ ला रीफसमोर, आणि ४ च मिळाले तर रात्री १ ला, दोन्ही वेळा अंधारच. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला बघायचं, १२० मैल उरलेत का. कमी उरले असतील तर शिडं आखडा, जास्त उरले असतील तर थोडं इंजिन मारा. तरी नाहीच जमलं तर रीफपासून १५-२० मैल लांब हीव्ह-टू करून, म्हणजे शिडं आणि सुकाणू अडवून बोट जवळपास जागच्या जागी ठेवून, सकाळ होऊ द्या, घाई कसली आहे. या दिवसांत प्रवाह पश्चिमेला ढकलतो, तेव्हा रेषेच्या जरा पूर्वेलाच राहा.

कागदपत्रं मात्र महिनाभर आधी हातात घ्या. पोर्ट क्लिअरन्स, कस्टम्स, इमिग्रेशन, क्रू लिस्टच्या भरपूर कॉप्या, आणि दोन्ही टोकांना एजंट, स्वतः खेटे घालण्यापेक्षा परवडतं. लक्षद्वीपचं मिनिकॉय बेट नकाशावर जवळ दिसतं म्हणून ‘जाता जाता थांबू’ असं ठरवू नका, लक्षद्वीपला वेगळं परमिट लागतं. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, परदेशी व्हिडिओ बघून सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर मागवू नका, भारतात विनापरवाना ते बाळगलं तर अटक होऊ शकते. इपर्ब, म्हणजे संकटात उपग्रहामार्फत मदतीचा सिग्नल पाठवणारा बीकन, घ्या, ४०६ मेगाहर्ट्झचा, आणि त्याची नोंदणी बेंगळुरूला इस्रोच्या केंद्रात करा, नाहीतर सिग्नल गेला तरी कोणाची बोट ते कळणार नाही. घरी एका खमक्या माणसाकडे रूट, बोटीचा फोटो आणि ‘अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर कोस्ट गार्डला १५५४ वर कळव’ असं लिहून ठेवा.

पहिली रात्र मच्छीमारांची. केरळच्या किनाऱ्याला जाळी आणि बोटी इतक्या की झोप विसरा. दुसऱ्या रात्री मोठी जहाजं, कारण आखात आणि सुवेझकडची वाहतूक या पट्ट्यातून जाते. दिवा दिसल्यापासून वीस मिनिटांत जहाज अंगावर येऊ शकतं, म्हणून आसपासची जहाजं स्क्रीनवर दाखवणारा एआयएस असला तरी दर दहा मिनिटांनी चारी बाजूंना नजर. वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, रात्री ३ तासांचा, आणि बोटीला जोडणारा पट्टा, हार्नेस, अडकवल्याशिवाय, दुसऱ्याला उठवल्याशिवाय कोणी कॉकपिटबाहेर जायचं नाही, लघवीलासुद्धा नाही.

खाण्याचं म्हणाल तर दशम्या, मेतकूट, लोणचं, आलेपाक. कांदे-बटाटे वाशीच्या एपीएमसीतून न धुतलेले, फ्रिजमध्ये न ठेवलेले घ्या, टिकतात. भांडं एकच, कुकर, झाकण घट्ट बसतं म्हणून बोट कलंडली तरी खिचडी अंगावर सांडत नाही. पाणी माणशी रोज ४ लिटर, आणि अंदाजाच्या दुप्पट दिवसांचं, निम्मं कॅनमध्ये, कारण एक टाकी गळली तर सगळं गेलं.

पोहोचलात की पिवळा झेंडा लावा, तो म्हणजे तपासणी व्हायची आहे अशी खूण, आणि अधिकारी बोटीवर येईपर्यंत किनाऱ्यावर पाय ठेवू नका. दारू असेल तर आधीच सांगून टाका, तिथे आणायला बंदी आहे. घड्याळ अर्धा तास मागे घ्यायचं, पण ते नांगर टाकल्यावर, आधी फिरवलंत तर वॉचचा आणि पोहोचायचा सगळा हिशोब बोंबलतो.