आठ जिल्हे, एकच आकडा: पायथॉनमधले बिटवाईज ऑपरेटर

मृग लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय, पडला का तुमच्याकडं? पाहुणे मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत, त्यामुळं रोज कुठं पाऊस झाला ते टिपून ठेवायला मी पायथॉन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक बारकी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) केली, अन् कॉलेजात पाठ करून पास झालेले बिटवाईज ऑपरेटर, म्हणजे आकड्याच्या एकेका बिटवर काम करणारी चिन्हं, तिथं खरे कळाले.

बिट म्हणजे 0 किंवा 1 एवढंच मावणारं एक घर. मराठवाड्यात जिल्हे आठ अन् एका बाइटमधी बिटबी आठच. मग शून्यापासून नंबर दिले: संभाजीनगर 0, जालना 1, बीड 2, धाराशिव 3, लातूर 4, नांदेड 5, परभणी 6, हिंगोली 7. पाऊस झाला तर बिट 1, नाही तर 0. बिट मोजायचे उजवीकडून बरं का, डावीकडून मोजले की हिंगोलीचा पाऊस संभाजीनगरला जातो.

पाऊस = 0
पाऊस |= 1 << 2
पाऊस |= 1 << 4

(व्हेरिएबलचं नाव मराठीत ठेवलं तरी पायथॉन 3 ला चालतंय.) 1 << 2 म्हणजे 1 ला दोन घरं डावीकडं सरकवणं, झाले 4. 1 << 4 झाले 16. | नं (कुठल्याबी एकात 1 असला तर 1) दोन्ही बिट चालू झाले, आकडा आला 20, बायनरीत (नुसत्या 0 अन् 1 मधी) 00010100. बीड अन् लातूर. मामाचा मेसेज दोनदा आला अन् तेच परत टाकलं तरी 20 च राहतंय, + वापरलं असतं तर सगळा घोळ.

परभणीत पडला का बघायचं तर पाऊस & (1 << 6). मधलं चिन्ह दोन्ही आकड्यांत 1 असलेलाच बिट 1 ठेवतं. नसला तर 0 येतं, असला तर 64 येतं, 1 नाही! मी == 1 लावून बसलो होतो अन् पाऊस पडूनबी स्क्रिप्ट कोरडंच म्हणायली. शून्य आहे का नाही तेवढंच बघा. आणि & च्या जागी and लिहू नका, 20 & 36 म्हणजे 4, पण 20 and 36 म्हणजे 36, एरर येत नाही म्हणून तर सापडत नाही.

~ म्हणजे बिट उलटे करणं, 1 चा 0 अन् 0 चा 1. लातूरची खबर खोटी निघाली? पाऊस &= ~(1 << 4), राहिले 4. नुसतं ~20 छापलं तर -21 दिसतंय, घाबरू नका, पायथॉनचे आकडे चिन्हासहित असतेत; कोरडे जिल्हे पाहिजेत तर ~20 & 255 करा, 235 येतंय.

मला आवडतंय ते ^, दोन आकड्यांत वेगळे असलेले बिटच 1 करतं. काल 20, आज 36 म्हणजे बीड अन् नांदेड. 20 ^ 36 बरोबर 48, म्हणजे 16 अन् 32: कालपासून फरक पडला तो लातूर अन् नांदेडात, बीड जसंच्या तसं. पण हे घात नाही हां, 2 ^ 3 चं उत्तर 1 येतं, घाताला ** लागतंय.

कंस मात्र टाकाच, कारण 1 << 3 + 1 मधी बेरीज आधी होती अन् 9 च्या जागी 16 मिळतंय.

किती जिल्ह्यांत पडला हे मोजायला (न म्हणजे पावसाचा आकडा) 0 येईपर्यंत न & (न - 1) करत राहा, दर वेळी सगळ्यात उजवीकडचा एक 1 उडतो. 20 & 19 झाले 16, 16 & 15 झाले 0. दोनदा केलं, दोन जिल्हे.