विमा आहे, पण दवाखान्यात ‘नाव लागत नाही’? या चुका टाळा

पेशंट आत खाटेवर आणि बाहेर काउंटरवरचा माणूस स्क्रीनकडे बघत म्हणतो, “तुमचं नाव लागत नाही.” मग घरचे पहिल्यांदा पैशाच्या मागे पळतात. कुणी आडत्याकडून उचल घेतं, कुणी बायकोचे दागिने गहाण टाकतं. हप्ता भरलेला असतो, पॉलिसी चालू असते, तरी ही पळापळ होते. मला याचं वाईट वाटतं, कारण यातली बरीच प्रकरणं एक-दोन फोन आणि एखाद्या कागदावर मिटणारी असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तोंडी नकार खरा मानून मागे फिरणं. “नाव लागत नाही” या एका वाक्यात पाच वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. पॉलिसी संपली असेल, पॉलिसी चालू असून हा सदस्य तिच्यात नसेल, नाव किंवा जन्मतारीख जुळत नसेल, दवाखाना कंपनीच्या यादीत नसेल किंवा हा आजार पॉलिसीत बसत नसेल. प्रत्येकाचा इलाज निराळा आहे. म्हणून काउंटरवर भांडू नका, शांतपणे विचारा: “नेमकं काय जुळत नाही? कंपनीचा मेसेज किंवा मेल आला असेल तर दाखवा.” आणि तिथंच उभं राहून कार्डाच्या मागच्या नंबरवर स्वतः फोन लावा. दवाखान्यातल्या टीपीए (विमा कंपनीसाठी दाव्यांचं काम बघणारी संस्था) डेस्कवरच्या माणसाला जे दिसत नाही ते कंपनीच्या माणसाला दिसू शकतं.

नावं आणि तारखा

आपल्याकडं सगळ्यात जास्त घोळ इथं आहे. आधारवर दगडू, पॉलिसीवर दगडूराव. रेशन कार्डावर कौसल्याबाई, बँकेत कौसल्या. लेकीचं लग्न झालं, आधार सासरच्या नावानं झालं आणि पॉलिसी माहेरच्याच नावावर राहिली. कुठं आडनाव आधी, कुठं शेवटी. जन्मतारखेचं तर विचारूच नका. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिली, आधार काढताना नुसतं वर्ष सांगितलं म्हणून १ जानेवारी पडली. खऱ्या तारखेची तर कुठंच नोंद नाही.

ही दुरुस्ती पेशंट ॲडमिट असताना करायची नसते. आज घरातल्या प्रत्येकाचं आधार आणि पॉलिसीची प्रत शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक दिसला तर कंपनीला मेल करा किंवा एजंटाकडून दुरुस्तीचा अर्ज द्या आणि दुरुस्त झालेली प्रत मागून घ्या. “साहेब, होऊन जातं” या एजंटाच्या शब्दावर थांबू नका. ॲडमिट झाल्यावरच फरक लक्षात आला तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचा पुरावा तयार ठेवा. त्यासाठी पॅन, शाळेचा दाखला, लग्नाचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद चालू शकते.

आधारला जोडलेला मोबाईल नंबरही बघा. ओळख पटवायचा ओटीपी पुण्यात नोकरी करणाऱ्या पोराच्या फोनवर जातो आणि तो ड्युटीवर असतो. कधी ते सिमच बंद झालेलं असतं.

जुनं कार्ड, जुनी नोकरी

नूतनीकरणात पॉलिसी नंबर किंवा टीपीए बदलू शकतो, आणि आपण पाकिटातलं जुनंच कार्ड पुढं करतो. दरवर्षी नवं ई-कार्ड उतरवून घ्या आणि त्याचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये ठेवा. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कंपनीत नोकरी असेल तर आई-वडिलांचं नाव गटविम्यात (कंपनीनं कामगारांसाठी काढलेल्या विम्यात) खरंच टाकलं आहे का, हे एचआरकडून लेखी घ्या. नोकरी सुटली की गटविमाही सुटतो, हे अनेकांना दवाखान्यातच कळतं.

दवाखाना यादीत शोधताना छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव या नावांनी काही सापडलं नाही तर औरंगाबाद आणि उस्मानाबाद टाकून बघा. यादी जुनी असू शकते. यादीत नसलेल्या दवाखान्यातही कॅशलेस, म्हणजे बिल परस्पर विमा कंपनीनं भरणं, मागता येतं. जानेवारी २०२४ पासून विमा कंपन्यांनी तशी सोय सुरू केली आहे. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर किमान ४८ तास आधी विमा कंपनीला कळवायचं, तातडीच्या वेळी ॲडमिट झाल्यापासून ४८ तासांच्या आत. दवाखान्याची मात्र तयारी लागते.

केस पेपरवर काय लिहिलं जातंय?

हे मुद्दाम सविस्तर सांगतो. डॉक्टर विचारतात, “शुगर कधीपासून?” सोबत आलेला चुलत भाऊ घाईत सांगून टाकतो, “लई वर्षं झाली, धा-बारा तरी.” प्रत्यक्षात निदान चार वर्षांपूर्वी झालेलं असतं. केस पेपरवर बारा वर्षं पडतात, कंपनी ते वाचते आणि आजार लपवला म्हणून क्वेरी (शंका) काढते. पेशंटची माहिती त्यालाच सांगू द्या, नाहीतर ज्याला नक्की ठाऊक आहे त्यानं सांगावी. जुने रिपोर्ट सोबत ठेवा. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर पुराव्यासह डॉक्टरांकडून दुरुस्ती आणि सही घ्या.

खोटं मात्र सांगू नका. उपचार त्याच माहितीवर ठरतात, जिवाशी खेळ नको. पॉलिसी घेतानाही बीपी, शुगर लपवू नका. आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं आणि सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही.

फुले योजनेतल्या चुका

राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. दवाखाना योजनेत आहे एवढं ऐकून निघू नका. दवाखाने विभागवार घेतलेले असतात. किडनीसाठी असलेला दवाखाना हृदयासाठी असेलच असं नाही. “या आजारासाठी आहे का?” असं दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या माणसाला) विचारा, नाहीतर योजनेच्या १५५३८८ या नंबरवर फोन करा. नांदेडचे लोक हैदराबादला जातात, त्यांनी निघण्याआधी चौकशी करावी. फुले योजना मुळात राज्यापुरती आहे, परराज्यात केंद्राच्या योजनेचं आयुष्मान कार्ड कामाला येतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी रेशन कार्ड आणि आधार गावी ठेवून जाऊ नये. सांगली-कोल्हापूरकडं आजारी पडलात तरी तिथल्या योजनेतल्या दवाखान्यात उपचार मिळतात, पण कागद लागतो. रेशन कार्डात सुनेचं, नातवाचं नाव चढवलेलं नसेल तर तहसीलला जाऊन आधी ते करा. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ वरच तक्रार नोंदवा.

वेळ आणि नकार

इर्डाई, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या मागणीवर कंपनीनं एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत. तीन तासांच्या वर उशीर झाला आणि त्यापायी दवाखान्यानं जादा पैसे लावले तर ते कंपनीनं सोसायचे. म्हणून दवाखान्यानं फाईल किती वाजता पाठवली, हे विचारून लिहून ठेवा. पुष्कळदा फाईल दवाखान्यातच पडून असते.

कॅशलेस नाकारलं म्हणजे दावा नाकारला असं नाही. बिल भरून नंतर भरपाई मागता येते. त्यासाठी मूळ बिलं, पावत्या, डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट आणि चिठ्ठीसह औषधांची बिलं लागतात. मूळ कागद देण्याआधी सगळ्यांच्या झेरॉक्स काढा आणि जमा केल्याची पोच घ्या. भरपाईचा दावाही फेटाळला तर कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडं, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्यांकडं जा. मराठवाड्यासाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा.